मदत हवी आहे : थकबाकी असताना ग्रामपंचायतीला सोलर पंप कसा घेता येईल?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. नळयोजनेच्या वीजबिलाची थकबाकी दरवर्षी वाढतच चालली आहे. विहिरीवर १० एचपीची मोटर आहे. रोज सहा तास चालली की साधारण ४५ युनिट जळतात. उन्हाळ्यात वीज कापली, तेव्हा बाया पहाटे चारपासून हापशीवर पाण्याचे गुंड घेऊन रांगेत होत्या. ते पाहवत नव्हतं.

सोलर बसवला तर बिल बरंच उतरेल, ऊन तर आपल्याकडे रगड आहे. पण पैसा आणायचा कुठून? १५व्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्यावरच खर्चायचा, त्यातला मोठा भाग जुनं बिल भरण्यातच जातो. घरपट्टी कापूस विकल्याशिवाय येत नाही, आणि यंदा बोंडअळीनं तेही गेलं. म्हणजे जुन्या थकबाकीपायी नवीन बिल कमी करायची सोयच होत नाही. हे चक्र मला फार खुपतं.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १३३ खाली जिल्हा ग्रामविकास निधी आहे. आम्ही त्यात उत्पन्नाच्या ०.२५ टक्के वर्गणी भरतो. या निधीतून सोलर पंपासाठी कोणी कर्ज घेतलं आहे का? थकबाकी आडवी आली का? ठराव कसा लिहिला, हप्ता कशातून फेडला? सचिव म्हणतात, आधी थकबाकी भरा. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे. ठरावाची नक्कल असेल तर कृपया इथे टाका.