मिशन बोर्डिंगचे माजी विद्यार्थी : आधी माणसे शोधावीत, की आधी संस्था नोंदवावी?

कृष्णाकाठ (सांगली) :

सांगली-मिरजेच्या भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने आणि सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, आणि त्यांतल्या अनेक शाळांना जोडून बोर्डिंगे उभी राहिली. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्याचे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच परिसरात दुष्काळी गावांतून आलेली मुले भाकरी-आमटीवर राहून शिकत होती, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. त्यांपैकीच असलेले आपले बोर्डिंग बंद होऊन बरीच वर्षे झाली. शाळा चालू आहे, पण व्यवस्थापन बदलले आहे आणि आपल्याला ओळखणारे कोणी तिथे उरलेले नाही.

आपण दरवर्षी मेळावा भरवतो आणि प्रत्येक बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. पण तिथे कोण दिसते? बँकेतून निवृत्त झालेले, शिक्षक, परिचारिका, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांतून आलेली आणि सातवी-आठवीतच शाळा सुटलेली मुले तिथे नसतात, आणि त्यांना बोलवावे असे आपण कधी ठरवलेलेही नाही. माझी सूचना अशी आहे की शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हाती घेऊन प्रत्येक वर्षाची यादी उतरवावी, गाववार माणसे शोधावीत आणि मग मेळाव्याचे पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे जे बोर्डिंगच्या अंगणात कुडकुडत बसले होते, ते आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

मिरजकर :

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, तरीही क्रम उलटा झाला आहे असे मला वाटते. यादी एका माणसाच्या वहीत किंवा फोनमध्ये राहते आणि तो माणूस गेला की तीही जाते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले, तेव्हा सांगलीत किती घरांतली कागदपत्रे चिखलात गेली हे आपण पाहिलेच आहे. म्हणून आधी माजी विद्यार्थ्यांची संस्था नोंदवावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद पुरतात, पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयात नोंद होते, आणि मग हिशेब, लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले तर फेरफार अहवाल, अशी सगळी शिस्त आपोआप लागते. ही शिस्त जाचक वाटते हे मान्य आहे, पण आपल्यासारख्या विखुरलेल्या लोकांना तीच बांधून ठेवील.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे. आपले काही विद्यार्थी परदेशात आहेत आणि मदत करायला तयार आहेत. त्यांच्यापैकी ज्यांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या बचतीतून दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. पण ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, त्यांचा पैसा २०१० च्या परकीय योगदान कायद्यात बसतो आणि त्यासाठी स्वतंत्र नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. व्यक्तीच्या खात्यावर असा पैसा प्रेमाने मागवणारे प्रामाणिक लोकही अडचणीत येतात. मिशनशी नाव जोडलेल्या कामाकडे तर अधिकच बारकाईने पाहिले जाते. तेव्हा पाया कागदावर पक्का असू द्या.

जतकर :

मिरजकर साहेब, कायद्याचे तुम्ही म्हणता ते सगळे बरोबर आहे, पण सभासद कोण होणार? वर्गणी भरणारा, संस्थेची घटना वाचून सही करणारा, सभेला सांगलीत येऊ शकणारा. म्हणजे पुन्हा तेच लोक. माझ्याबरोबर बोर्डिंगात असलेला एक मुलगा आज ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो. तो तुमच्या अर्जावर सभासद म्हणून कधीच येणार नाही, पण कोणी त्याच्या दारात जाऊन बोर्डिंगातला नंबर सांगितला तर लगेच ओळखील. आमच्या सदऱ्याच्या कॉलरला लाल दोऱ्याने नंबर घातलेला असे. धुण्याच्या ढिगातून आपला कपडा ओळखायचा तो त्या नंबरावरून, आणि जेवणाच्या पंगतीत हाकही त्याच नंबराने मारली जाई. आडनावे विसरली, नंबर राहिले. शोधायचे असेल तर रजिस्टरइतकेच या आठवणींना महत्त्व द्यावे लागेल. गावोगावची चर्चे, आठवडी बाजार, एस.टी. स्टँडावरची चहाची टपरी, इथे विचारावे लागेल. त्यासाठी धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या चढायची गरज नाही.

पाचगणीच्या इंग्रजी शाळांची उदाहरणे इथे कोणी दिली तर मी आधीच सांगून ठेवतो की ती आपल्याला लागू पडत नाहीत. सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. तिथली मुले शाळा सोडल्यावर हरवत नाहीत, कारण त्यांच्यामागे घरे आणि पैसा असतो. आपली मुले शाळा सुटली त्या दिवशीच हरवली.

वाईची लेक :

मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पुरते पटत नाही, आणि ज्याला सगळ्यांनी गृहीत धरले आहे त्याच गोष्टीला माझा आक्षेप आहे. रजिस्टर उतरवायचे म्हणजे काय उतरवायचे? त्यात नाव, गाव आणि जन्मतारखेबरोबर धर्म आणि जात यांचेही रकाने असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. त्या आदेशात शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली आले, ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. अनेक कुटुंबांत भाऊ-बहिणींची नोंद वेगवेगळी झालेली आहे, काहींनी नंतर धर्म बदलला, काहींनी परत फिरवला. अशा घरातल्या पन्नाशीच्या बाईचे शाळेतले पान ग्रुपवर फिरू लागले, तर तिच्या मुलांच्या जातीच्या दाखल्यांवर आणि नोकरीवर काय वेळ येईल याचा विचार तुम्ही केला आहे का? आपण प्रेमापोटी करू, पण त्याचा वापर कोण कशासाठी करील हे आपल्या हाती नसेल. शिवाय रजिस्टर शाळेचे आहे, आपले नाही. मुख्याध्यापकांनी ते आपल्या हाती देऊ नये, असेच मला वाटते.

मुलींचे आणखी एक आहे. आमची आडनावे लग्नात बदलली, पुष्कळींची नावेसुद्धा बदलली. रजिस्टरातले नाव घेऊन शोधत गेलात तर जी सापडेल ती माहेरच्या घरची आठवण असेल, बाई सापडणार नाही. आणि सापडलेल्या सगळ्यांनाच सापडायचे असते असेही नाही. काही मैत्रिणींनी सासरी बोर्डिंगचे नाव कधी काढलेले नाही, कारण 'मिशनमध्ये वाढलेली' या शब्दांचा त्यांना त्रास झालेला आहे. त्यांच्या दारात गाववार यादी घेऊन एक अनोळखी गृहस्थ उभा राहणे हे भेटीपेक्षा घुसखोरीच ठरेल. माझे म्हणणे इतकेच की शोधावे माणसाने माणसाला, म्हणजे एका मुलीने दुसऱ्या मुलीला, आणि आधी विचारून.

मिरजकर :

ताई, आपल्या मुद्द्यानंतर माझे मत थोडे बदलले आहे, पण संस्थेच्या बाजूनेच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीवरच भर देतो. मग संमतीचा कागद कोण ठेवील, आणि माझे नाव काढून टाका असे कोणी म्हटले तर ते कोण काढील? नोंदलेल्या संस्थेला जाब विचारता येतो. व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला कोणी विचारत नाही, आणि त्याने ग्रुप सोडला तर प्रश्नच मिटतो.

जतकर :

जाब विचारायलाही संस्थेच्या सभेला पोचावे लागते, साहेब. त्या सभेचे भाडे कोण देणार, यावर एक शब्द तुम्ही लिहिलेला नाही. आधी तेवढे लिहा.

कृष्णाकाठ (सांगली) :

वाईच्या ताईंनी मांडलेला जातीच्या रकान्याचा प्रश्न इतका गंभीर आहे की रजिस्टरची प्रत घेण्याचा भाग मी सूचनेतून काढतो. मात्र शोध थांबवावा हे मला मान्य नाही. शाळेला एकच विनंती करावी की एखाद्या माजी विद्यार्थ्याने लेखी अर्ज केला तर त्याचे स्वतःचे वर्ष आणि दाखल्याचा तपशील त्याला मिळावा. रजिस्टर कपाटातच राहील, आपण ते मागणार नाही. बाकीचा शोध जतकर म्हणतात तसा, ज्याला जो आठवतो त्याने त्याच्यापर्यंत जावे. आणि मुलींच्या बाबतीत फक्त मुलींनी.

नोंदणीला माझा विरोध नाही, पण पहिल्या वर्षी नको. आधी प्रत्येक तालुक्यातून निदान एक माणूस असा मिळू द्या, जो आजवर एकाही मेळाव्याला आलेला नाही. सात संस्थापक सभासदांत तसे चार असले, तर मी मिरजकरांच्या अर्जावर पहिली सही करीन. भाड्याचे म्हणाल, तर यंदाच्या मेळाव्यात जेवणाचा बेत साधा ठेवून तो पैसा जत आणि आटपाडीच्या लोकांच्या एस.टी.साठी बाजूला काढता येईल. मेळाव्याचा खर्च पाहणाऱ्यांनी यावर आपले मत इथेच लिहावे.

वाईची लेक :

भाड्याला पाठिंबा आहे, आणि साध्या जेवणालाही. पण मेळाव्याचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, हे आमंत्रणातच छापा. त्याशिवाय मी माझ्या मैत्रिणींना विचारायलाही जाणार नाही.