मदत हवी आहे: फोंड्याकडचं जुनं घर थंडीत गिऱ्हाइकांना दाखवायचंय, ओल झाकू की दाखवू?

शेवंती_पर्वरी:
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

फोंडा तालुक्यात म्हार्दोळच्या आतल्या बाजूला सासरचं जुनं घर आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण (चौक), पुढे वसरी (ओसरी) आणि तिला दोन्ही बाजूंनी सोपे (बसायचे कट्टे), मागे थोडं कुळागर (पोफळीची बाग). सासूबाई होत्या तोवर घर राबतं होतं, आता चवथीचे (गणपतीचे) दिवस सोडले तर कुलूपच. आम्ही पर्वरीला फ्लॅटमधे, धाकटे दीर पुण्यात. दोघा भावांनी विकायचं ठरवलंय (का ठरवलं यावर प्लीज कोणी लिहू नका, घरात ते बोलून बोलून संपलंय).

एजंट म्हणतो दाखवायचं तर आत्ताच, फेब्रुवारीपर्यंत. मुंबई-दिल्लीची लोकं याच दिवसांत येतात, परदेशातले गोंयकार नाताळाला घरी येतात, कुळागर हिरवं असतं, विहीर भरलेली असते, घाम येत नाही. ते पटतंय. पहिलं गिऱ्हाईक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येणार.

आता अडचण. आमच्याकडे घराला रंग कधी देतात तर चवथीच्या आधी, म्हणजे भर पावसात, भिंत आतून ओली असताना. गेली कित्येक वर्षं प्लास्टिक पेंट मारला जातोय आणि दरवर्षी दिवाळी येईपर्यंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फुगे, बोट लावलं की पापुद्रा हातात आणि खाली पांढरा खार. माजघराच्या उत्तरेकडच्या भिंतीचा तर पार नकाशा झालाय. एजंट म्हणाला मॅडम टेन्शन घेऊ नका, खरवडा, पुट्टी भरा, वरून चांगलं इमल्शन मारा, फेब्रुवारीपर्यंत टिकलं की आपलं काम झालं. दीरही फोनवर तेच, वहिनी सगळेच करतात. आमचे हे मात्र अडून बसलेत की ओल झाकून घर विकायचं नाही, जूनमधे तो माणूस फोन करणारच आणि त्याच वाड्यावर (वाडीत) आपले चुलते राहतात, त्यांना काय तोंड दाखवायचं. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं.

शिवाय बंद घराचा वास. दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा आणि वटवाघळांचा मिळून एक वास येतो, तो उदबत्तीने जात नाही, उदबत्तीसकट येतो. माजघर आणि स्वयंपाकघर दुपारीही काळोखं, कारण पोफळी अगदी खिडकीला टेकल्यात. सामान किती काढू, सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी ठेवू का, न्हाणीतलं पाणी तापवायचं मोठं भाण काढू का, देवखोलीचं काय करू, किती वाजता बोलावू, सगळंच विचारायचंय. बजेट फार नाही, विकायच्या घरात लाख-दीड लाख घालायला दीर तयार होणार नाहीत.

चिरेबंदी:
शेवंतीताई, पुट्टी-इमल्शन अजिबात नको. नैतिक वगैरे बाजूला ठेवा, ते टिकणारच नाही म्हणून नको. चिरा हा दगड भोकाभोकांचा, जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतोच. हे पाणी भिंतीतून हवेत निघून जायला हवं. तुम्ही वर प्लास्टिक मारलं की त्याला वाट नाही, मग ते खार घेऊन रंगाच्या मागे साठतं आणि फुगा येतो. थंडीत भिंत सुकायला लागते तेव्हा तर खार जास्तच बाहेर पडतो. म्हणजे डिसेंबरात मारलेला रंग जानेवारीत, नेमका बघायला लोकं येतात तेव्हाच फुटू शकतो.

काय करा सांगतो. सुटलेला सगळा रंग पत्र्याने खरवडून काढा, खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतला की परत आत जातो. जिथे गिलावा पोकळ वाजतोय तिथे तो पाडा आणि तसाच उघडा ठेवा, सुकू दे. बाहेरून घराभोवती एक चक्कर मारा. पागोळ्यांचं पाणी पडतं तिथली गटार पालापाचोळ्याने भरलेली असणार, आणि भिंतीला लागून माती चढलेली असणार, ती फावड्याने ओढून लांब करा. दोन गड्यांचं काम आहे आणि ओलीवर खरा इलाज तोच, बाकी सगळी मलमपट्टी. मग जरा सुकल्यावर चुना. रात्रभर भिजवलेला चुना, गाळून, चिमूटभर नीळ घालून, पातळ दोन-तीन हात. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि पुढे डाग आला तरी पापुद्रा लोंबत नाही. फक्त प्लास्टिक पेंट शिल्लक असेल तिथे चुना धरत नाही, म्हणून खरवडण्यात आळस नको.

नकाशावाल्या भिंतीसमोर कपाट सरकवून ठेवू नका हं. सगळ्यात आधी तेच कपाट हलवून बघतात.

खाजें_जत्रेचें:
आमच्या वाड्यावर एकाने असंच कपाट ठेवलेलं. गिऱ्हाइकाच्या बायकोने कपाटच विकत मागितलं 😂 ते हलवल्यावर मग सौदा तिथेच मोडला.

एक काम आधी करा, पावसासाठी वसरीला बांधलेलं निळं प्लास्टिक काढून टाका. अर्ध्या गोव्याच्या घरांना ते डिसेंबरातपण लटकत असतं आणि त्याच्यामागे इतकी सुंदर वसरी कुणाला दिसतच नाही.

सोपो_आणि_सावली:
मी घेणाऱ्या बाजूचा आहे, मूळ दादरचा, बार्देशात जुनं घर घेतलं, त्याआधी बरीच बघितली, म्हणून सांगतो की आम्ही लोकं काय बघतो. ओल बघून आम्ही पळत नाही. चिऱ्याचं घर बघायला येणाऱ्याला ओल माहीत असते, आणि ज्याला माहीत नसते तो तसंही बोलणी पुरी करत नाही. आम्ही घाबरतो छपराला. वर मान करून वासे बघतो, वाशाच्या टोकाला किल्ली टोचून बघतो की आत वाळवीने पोकळ केलंय का. तेव्हा पैसे घालायचेच तर भिंतीवर नको, छपरावर घाला. फुटकी कौलं बदलून घ्या, वाळवीची मातीची नळी दिसली तर ट्रीटमेंट करून पावती जपून ठेवा.

काळोखावर स्वस्तातला उपाय म्हणजे काचेचं कौल. मंगळुरी कौलाच्याच मापात मिळतं, माजघरावर दोन आणि चुलीच्या वर एक बसवलंत की दुपारी लाइट लावायला नको. नाहीतर वॉर्म व्हाइट बल्ब लावा, ती पांढरीफटक ट्यूब जुन्या घरात दवाखान्यासारखी वाटते. आणि एका घरात गेलो होतो तिथे प्रत्येक खोलीत रूम फ्रेशनर मारलेला, लिंबाचा, मला पहिला प्रश्न हाच पडला की ही लोकं काय लपवतायत. उलट एका आजोबांनी पावसात काढलेले फोटोच हातात दिले, इथे गळतं, इथे ओल येते, या बाजूने पाणी जातं. ते घर आम्हाला रस्त्यामुळे जमलं नाही, पण किमतीवरून घासाघीस करायला जीभ वळली नाही हे खरं.

शेवंती_पर्वरी:
@सोपो_आणि_सावली पावसातले फोटो! चवथीला मुलांनी काढलेल्या व्हिडिओत मागे भिंती दिसतात, माटोळीखाली (वर टांगलेल्या फळाफुलांखाली) गणपती आणि मागे ओल 🙈 ते चालेल का? आणि चिरेबंदीदादा, खरवडायला माणूस सांगितलाय. तो म्हणाला चुना आता कोण मारतं बाय.

चिरेबंदी:
त्याला म्हणावं देवळाच्या आवाराला मारतोस तसाच मार. व्हिडिओ चालेल की.

कुळागर_वाली:
वासाचं मी सांगते, आमचंही घर असंच बंद असतं, सावईवेऱ्याला. खिडक्या उघडून ठेवा हे सगळे सांगतात पण कधी उघडायच्या ते महत्त्वाचं. आपल्याकडे थंडीत पहाटे दंव इतकं पडतं की अंगण भिजतं, तेव्हा उघडल्यात तर ओल आत येते. दहानंतर ऊन चढलं की सगळी जनेलां उघडायची, चारपर्यंत वारा खेळू द्यायचा आणि संध्याकाळच्या आधी बंद, नाहीतर मच्छर. हे बघायच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, आत्तापासून रोज कुणालातरी सांगा, वाड्यावरच्या कुणाला दोन पैसे द्या. गाद्या, गोधड्या, जुने पेपर, गोणपाटं आधी बाहेर, वास त्यांनी धरलेला असतो. लाकडी कपाटं रिकामी करून उन्हात उघडी ठेवा. आणि डांबराच्या गोळ्या नकोत हो, त्या वासाने माणूस शिंकत बाहेर येतो. वटवाघळं असतील तर ती बाहेर गेल्यावर संध्याकाळी पोटमाळ्याची भोकं जाळीने बंद करायची, पण आत पिल्लं असताना नको. खाली पडलेली घाण कोरडी झाडू नका, पाणी मारून, तोंडाला मास्क लावून काढा.

वेळ म्हणाल तर सकाळी साडेदहा ते साडेबारा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कुळागराच्या बाजूला त्याच्याही आधी काळोख होतो, म्हणून एजंटने साडेपाचला आणतो म्हटलं तर नको म्हणा. रविवारी मंगेशीला बसगाड्यांची रांग असते, गिऱ्हाईक वैतागून पोचतं. ३ डिसेंबरला पणजीहून कुणाला बोलावू नका, जुन्या गोंयचं फेस्त (सेंट झेवियरचा उत्सव) आहे, ते तिथेच अडकतील. माघात जत्रा आहेत, ते दिवसही बघून ठेवा.

पोफळी तोडू नका, फक्त खिडकीवर आलेली झावळं काढून घ्या. विकत घेणाऱ्याला कुळागरच हवं असतं अर्धं.

कागदवाला:
थोडं विषयांतर, पण घर चकचकीत करून बसाल आणि इथे अडेल. गोव्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, म्हणून विक्रीखतावर दोघा भावांच्याच नाही, तुमची आणि जाऊबाईंचीही सही लागेल. सासूबाईंच्या मागे वारसांचे कागद झालेत का, फॉर्म वन-फोर्टीनवर (जमिनीच्या उताऱ्यावर) नावं कुणाची आहेत, आवारात कुणी मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का, हे बघायला आलेला माणूस वसरीवरच विचारतो. घरासोबत भाताचं शेत असेल तर आधीच वेगळं सांगा, २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला सहसा विकता येत नाही. झेरॉक्सची एक फाईल तयार ठेवा, वकिलाकडून एकदा बघून घ्या.

शेवंती_पर्वरी:
सह्यांचं माहीत होतं पण जाऊबाई फेब्रुवारीत परदेशी मुलीकडे जाणार आहेत हे आत्ता डोक्यात आलं. थँक्यू, आजच फोन करते.

भांड्यांचं आणि देवखोलीचं कुणी सांगेल का?

कुळागर_वाली:
भांडी चार ठेवा, बाकी घेऊन जा. भाण राहू दे, ते चुलाणात बसवलेलंच असतं ना, काढलंत तर भगदाड दिसेल. सासूबाईंचे फोटो, औषधांचे डबे, कॅलेंडरं काढा, बघायला आलेल्याला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं मग तो पटापट बाहेर पडतो. लाल कोब्याला मेणाचं पॉलिश द्या, पण आदल्या दिवशी नको, घसरतात. तुळस सुकली असेल तर नवीन लावा, वृंदावन व्हडल्या दिवाळीला (तुळशीच्या लग्नाला) रंगवलं असेलच.

देवखोलीत चपला काढायला एजंटने आधी सांगायचं, तुम्ही नाही, तुम्ही सांगितलं की लोकं अवघडतात. दाराशी पायपुसणं ठेवलं तर बरीचशी आपणच काढतात. देव अजून तिथेच आहेत की पर्वरीला नेले?

शेवंती_पर्वरी:
तिथेच आहेत. गणपतीचं अजून ठरत नाहीये, दीर म्हणतात पुण्याला नेतो, चुलते म्हणतात वाड्याबाहेर न्यायचा नाही.

चिरेबंदी:
मग ते ठरेपर्यंत देवखोलीला हात लावू नका, खरवडायलासुद्धा. तेवढी एक भिंत आहे तशी दाखवा, आणि गिऱ्हाइकाला सांगा की देव हलवायचे आहेत, दिवस बघतोय. इथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, बाहेरच्याला एकदा सांगितलं की कळतं.