दूध बिलात फॅटची सरासरी कमी येतेय, क्वेरीही रेंगाळतेय

रंकाळाकाठचा:
मंडळी, करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळायला घेतलंय. डेटाबेस मायएसक्यूएल आहे. बऱ्याच वर्षांचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) एकाच टेबलात. लाईट गेली की मशीन बंद, मग फॅटचा रकाना नल, म्हणजे रिकामा. सरासरी काढतोय सम(लिटर × फॅट) भागिले सम(लिटर). एका म्हशीवाल्याला प्रत्येक वेळी 7 फॅट लागतंय, दहा दिवसांच्या बिलात मात्र 5.6! नलच्या जागी शून्य कुठंच घातलेलं नाही, आधीच सांगतो. शिवाय व्हेअरमध्ये (कुठल्या ओळी हव्यात ती अट) डेट(वेळ), म्हणजे वेळेतली फक्त तारीख, लिहून दहा दिवस मागवले की क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) चहा पिऊन येईपर्यंत फिरते. ‘वेळ’ या रकान्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे तरी.

पन्हाळा_रूट:
शून्य तू घातलं नाहीस, भागाकारानं घातलं. लिटर × नल म्हणजे नलच, सम ते सोडून देतं. पण खालचं सम(लिटर) ते दूध मोजतंच की! वीस वेळा पाच-पाच लिटर धर, चार वेळा फॅट नाही. वर 80 × 7 म्हणजे 560, खाली 100. झाले 5.6. खाली सम(केस व्हेन फॅट इज नॉट नल देन लिटर एंड) कर, म्हणजे फॅट लागलेलंच दूध मोजलं जाईल, 80 नं भाग जाईल. व्हेअरमध्येच नल गाळू नको हं, एकूण लिटरही त्याच क्वेरीतून काढत असशील. दूध तर त्यानं घातलंय.

इंडेक्स ‘वेळ’वर आहे, डेट(वेळ)वर नाही. म्हणून सगळं टेबल चाळतंय. वेळ >= 1 तारीख आणि वेळ < 11 तारीख असं लिही. बिटवीन 1 ते 10 केलंस तर 10 तारीख सुरू होतानाच थांबेल, त्या दिवसाचं दोन्ही वेळचं दूध गायब. मग एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवतं) लावून बघ, टाइपखाली ऑल (सगळं टेबल) जाऊन रेंज (फक्त तेवढा भाग) यायला पाहिजे.

रंकाळाकाठचा:
7 आलं! रेंजपण आली. नाद खुळा. आता दूध न घातलेल्या सभासदांची यादी नॉट इननं (संकलनात ज्यांचा क्रमांक नाही ते) काढतोय, तर रिकामीच येतेय. निम्मं गाव दूध घालत नाही, मला माहितीय.

पन्हाळा_रूट:
संकलनात कुणाचा तरी सभासद क्रमांक नल असणार. तसली एक ओळ पुरते. तो रिकामा क्रमांक कुणाचाही असू शकतो, त्यामुळं नॉट इनला मग कुणाबद्दलच ‘नाही’ म्हणता येत नाही. नॉट एक्झिस्ट्स वापर, ते फक्त जुळणारी ओळ आहे का तेवढंच बघतं.

दसरा_चौक:
आणि राहिलेल्या फॅटला मागच्या वेळचं फॅट धरायचं का, ते सचिवांना विचार, स्वतः ठरवू नको. धरायचं झालं तर वेगळ्या रकान्यात. मूळ नल तसाच ठेव, ऑडिटला लागतो.