मदत हवी आहे: शेतावरच्या कोंबड्या मरत आहेत, औषधाचे नाव तातडीने सांगावे

घोडबंदरकर:
मुरबाडजवळ सरळगावच्या अलीकडे आमची वीस गुंठे जागा आहे. तेथे गावरान, गिरिराज आणि तीन कडकनाथ अशा कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात व रात्री एकाच खुराड्यात बसतात. गेल्या शनिवारपासून रोज एक-दोन मरत असून आजपर्यंत सात गेल्या. पंख खाली सोडून, मान आत ओढून बसतात आणि सकाळी मेलेल्या सापडतात. राखणदाराने पाण्यात हळद घालून पाहिली, उपयोग झाला नाही. उद्या पहाटे ठाण्याहून निघायचे आहे, तेव्हा कृपया उपदेश न करता औषधाचे नाव आणि प्रमाण तेवढे सांगावे.

तलंग:
नाव सांगता येईल, पण कशाचे? मरत आहेत त्या मोठ्या कोंबड्या की पिल्ले, विष्ठा हिरवी, पांढरी की रक्ताळलेली, लसी कोणत्या झाल्या, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

शहापूरकर:
पावसाळ्यात मान आत ओढली की ती मानमोडीच, म्हणजे राणीखेत रोग. पहिल्या आठवड्यात त्यावरची लासोटा लस दिली नसेल आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बी लस टोचली नसेल, तर आता औषधाच्या मागे धावून काही हाती लागणार नाही. माझा अख्खा कळप चार दिवसांत गेला होता, म्हणून सांगतो.

ऐरोलीकर:
2022 च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता, हे आपण सगळे विसरलो वाटते. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका.

घोडबंदरकर:
मरत आहेत ती अर्थातच पिल्ले. गिरिराजची पंचवीस आणली होती, आता सहा आठवड्यांची आहेत. लासोटा झालेली आहे. विष्ठेत रक्त दिसते. मोठ्यांना काहीही झालेले नाही, आणि गावरान कोंबडीच्या रवणीतून (तिने स्वतः अंडी उबवून) निघालेली त्याच वयाची नऊ पिल्ले त्याच अंगणात ठणठणीत आहेत. मग रोग असता तर तो सर्वांना नको का व्हायला?

निवृत्त पशुधनवाला:
शहापूरकर, मानमोडीत विष्ठा बहुधा हिरवट असते आणि माना वाकड्या होतात. ऐरोलीकर, बर्ड फ्लू मोठ्यांना सोडून एका जातीची पिल्ले निवडून मारीत नाही. हे वर्णन रक्ती हगवणीचे आहे. ताजे मेलेले पिल्लू बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पोट उघडल्यावर आतड्याच्या शेवटाकडील दोन लांबट पिशव्या काळपट रक्ताने फुगलेल्या दिसल्या, की शंका उरत नाही. आपल्या कोड्याचे उत्तरही त्यातच आहे. गावरान पिल्ले पहिल्या दिवसापासून आईमागे माती उकरतात, थोडे थोडे जंतू पोटात जाऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार होते. आपली गिरिराज मात्र बहुधा तारेच्या जाळीवर वाढली आणि एकदम ओल्या जमिनीवर उतरली. आता सांगा, खाद्य कोणते देता?

घोडबंदरकर:
खाद्य सर्वांना एकच, अंड्यावरच्या कोंबड्यांचे. चार आठवडे पिल्लांचे वेगळे पोते होते, ते संपल्यावर राखणदाराने दोन पोती कशाला, म्हणून एकत्र केले.

तलंग:
पिल्लांच्या त्या खाद्यात बहुतेक वेळा याच रोगाला आवर घालणारे औषध मिसळलेले असते. म्हणजे पिल्ले जमिनीवर आली आणि नेमके त्याच वेळी ते बंद झाले. शिवाय अंड्यावरच्या खाद्यात चुना इतका असतो की पिल्लांचे मूत्रपिंड त्याने खराब होते.

कडकनाथप्रेमी:
गिरिराजचा नाद सोडा. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो असल्या रोगांना दाद देत नाही.

निवृत्त पशुधनवाला:
मानांकन जंतूंना वाचता येत नाही. कडकनाथची जाळीवरची पिल्ले ओल्यात सोडली तर तीही मरतील. घोडबंदरकर, खुराड्यातले तूस ओले आहे का?

घोडबंदरकर:
पाण्याच्या घमेल्याभोवती चिखल असतो, कारण बदके त्यात डुंबतात. चार बदके आहेत, ती कोंबड्या नव्हेत म्हणून लिहिली नाहीत.

शहापूरकर:
मग रोग बदकांनीच आणला, विकून टाका.

निवृत्त पशुधनवाला:
नाही. बदकांचे हे जंतू वेगळे, कोंबड्यांचे वेगळे. बदकांनी रोग नव्हे, ओल आणली, आणि उबदार ओलीत विष्ठेतली जंतूंची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. फिनाईल टाकून ती मरत नाहीत; ओले तूस खरवडून बाहेर काढावे आणि कोरडे घालावे. दवाखान्याने दुजोरा दिला, तर पिण्याच्या पाण्यात अँप्रोलियम, पाकिटावरील प्रमाणात. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: पिल्ले कोरड्या जागी कोंडून घाला, कारण मोकळी सोडलीत तर ती डबक्याचे पाणी पितील आणि औषध घमेल्यातच राहील. तेवढे दिवस ब जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, कारण हे औषध जंतूंना मिळणारे ब-१ जीवनसत्त्व रोखूनच काम करते.

घणसोलीचा गच्चीवाला:
सोसायटीच्या गच्चीवर चार कोंबड्या ठेवल्या तर आरवण्याची तक्रार येईल का?

तलंग:
कोंबडा नसेल तर आरवणार कोण? पण हा प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारावा.

घोडबंदरकर:
काल दवाखान्यात पिल्लू उघडून दाखवले, पिशव्या रक्तानेच भरल्या होत्या. औषध सुरू केले आहे. रात्रीत आणखी दोन गेली, उरलेली सोळा जुन्या न्हाणीघरात डालग्याखाली आहेत आणि आज दुपारी प्रथमच खाद्याकडे धावली. पिल्लांचे खाद्य वेगळे आणले असून बदकांचे घमेले आंब्याखाली हलवले आहे. राखणदाराने मात्र विचारले आहे की, रवणीची नऊ पिल्ले धडधाकट असताना त्यांनाही हे औषध पाजावे का?

निवृत्त पशुधनवाला:
पाजू नये. त्यांना आईबरोबर राहू द्यावे, फक्त त्यांच्यापुढे अंड्यावरचे खाद्य ठेवू नये.