सीडी-डीव्हीडी फॉरमॅट करताना: गावाकडचे अनुभव लिहा

लग्नाच्या डीव्हीड्या, खंजिरी भजनांच्या सीड्या, झाडीपट्टीतल्या नाटकांची शूटिंगं. विदर्भातल्या गावोगावी कपाटं अजून भरलेली आहेत. जुनी डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर पुसून पुन्हा वापरताना तुम्ही काय सांभाळता? मॅन्युअलातलं नको, घडलेलं लिहा.

दर्यापूर, फोटो स्टुडिओ
गिऱ्हाईक येते आन् म्हणते, "भाऊ, लग्नाची डीव्हीडी पुसा आन् तिच्यावरच बारसं टाकून द्या." म्या पहिले डिस्कवरची बारीक अक्षरं वाचतो. नुसतं 'आर' (सीडी-आर, डीव्हीडी-आर) असलं तं विषय संपला. त्यातला रंगाचा थर लेझरनं एकदा जळला की जळला, तो काही कोरा होत नाही. 'आरडब्ल्यू' असलं तरच पुसता येते, साधारण हजार खेपा. काहून की तिच्यात मिश्रधातू असते, ते तापवून-थंड करून परत पयल्यासारखं करता येते. बहुतेकांच्या हातात 'आर'च असते, मंग घंटाभर वाद.

आर्णी
शेजारच्या पोरानं 'माय कॉम्प्युटर' उघडून डीव्हीडी समजून हार्ड डिस्कचा डी ड्राइव्हच फॉरमॅट केला. वडिलांचा बचत गटाचा सगळा हिशेब त्यात. विंडोजनं विचारलं होतं, यानं न वाचता 'ओके' दाबलं. नशीब, क्विक फॉरमॅट होतं, म्हणजे फक्त फायलींची यादी गेली होती, आणि नंतर त्यावर काही कॉपी केलं नव्हतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरंचसं परत आलं. मी आता सगळ्यांना एकच सांगतो: फॉरमॅटच्या आधी त्याच चिन्हावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' दाबा. ट्रे बाहेर आला तरच तो तुमचा ड्राइव्ह. आकारही पाहा. 4.7 जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये 4.37 जीबी दिसते. शेकडो जीबी दिसले तर हात मागे घ्या.

वडसा
आमच्याकडे खरी भीती लाइनची. फुल फॉरमॅटमध्ये अख्खी डिस्क लिहावी लागते. 2एक्स वेगाची डीव्हीडी-आरडब्ल्यू म्हणजे अर्धा तास. नाटकाच्या सीझनला एक डिस्क लावली आणि मधातच लाइन गेली. लाइन आल्यावर ड्राइव्ह नुसता घुर्रघुर्र करे, डिस्क ना कोरी ना भरलेली. सगळे म्हणाले फेकून द्या. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये 'फुल इरेज' दिलं आणि ती सुधरली. तेव्हापासून हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरच. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह असेल आणि त्याला दोन पिना असतील तर दोन्ही लावा, एकीवर करंट पुरत नाही.

वरुड
रिकामी डिस्क घातली की विंडोज विचारतं ना, 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' की 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी', तिथंच घोळ होतो. आजीला टीव्हीच्या प्लेअरवर भजन ऐकायचं असेल तर दुसराच पर्याय घ्या. पहिल्यात हव्या तेव्हा फायली टाका-काढा, पण घरातले जुने प्लेअर ती डिस्क बहुधा वाचत नाहीत. आणि डिस्क ज्यावर लावायची तो कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीचा असेल तर यूडीएफ (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) 2.01 ठेवा, 2.50 त्याला वाचता येत नाही.

चंद्रपूरजवळ
मे महिन्यात पारा 45 च्या वर. खिडकीतल्या डिस्क आधी सावलीत आणा, मग कॉम्प्युटरात घाला. धूळ पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

मूल, सेतू केंद्र
दर्यापूरवाले भाऊ, तुमचं बरोबर, पण 'पुसली' म्हणजे काय तेही गिऱ्हाइकाला सांगत जा. क्विकमध्ये फक्त यादी जाते, खालचा मजकूर तसाच असतो. माझ्याकडे लोकांचे दाखले, आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन असतात. ती डिस्क बाहेर जाणार असेल तर फुलच करतो. त्याआधी कॉपी हार्ड डिस्कवर घेऊन दोन-चार फायली उघडून पाहतो, नुसती नावं दिसली म्हणून भागत नाही.

दर्यापूर, फोटो स्टुडिओ
मान्य. पण लग्नसराईत डिस्कमागं अर्धा तास कोण देते बावा? 'आर' असलं तं म्या गिऱ्हाइकापुढंच कात्रीनं कापून देतो.