अहमदाबाद २०३०च्या आयोजन कमिटीत काम मिळतं का?

खानापूरची_आक्का
धाकट्या भावाने बी.पी.एड. केलंय. कुस्तीची मॅट, वजनं, ड्रॉ सगळं त्याला कळतं. कॉमनवेल्थ अहमदाबादला होणार कळल्यापासून "कमिटीत भरती निघणार" म्हणून बसलाय. शहापुरातला एकजण आत्ताच फॉर्मचे पैसे मागालाय. ही कमिटी म्हणजे ऑलिंपिक असोसिएशनच की वेगळी? पगार असतो काय?

निपाणीचा_तात्या
पहिलं म्हणजे त्या माणसाला रुपया देऊ नकोस. स्वयंसेवकांचे अर्ज कमिटी स्वतःच्या वेबसाइटवर मागवते, फी नसते.

दोन्ही वेगळ्या. असोसिएशन १९२७ पासूनची, कायमची. ती खेळाडू पाठवते. कमिटी यजमानपद मिळाल्यावर उभी राहते आणि स्पर्धेनंतर हिशेब मिटले की मोडते. दिल्लीत २०१० ला दोन्हीकडे अध्यक्ष एकच, कलमाडी, त्यामुळे लोकांचा घोळ अजून आहे. रस्ते-पूल तर कमिटीचे नसतातच. नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल २१ सप्टेंबरला कोसळला, तो बांधकाम खात्याचा. शिव्या मात्र कमिटीने खाल्ल्या. (तिच्या स्वतःच्या भानगडी होत्या त्या होत्याच.)

मी तिथे ओळखपत्रांच्या खिडकीवर स्वयंसेवक होतो. कुठल्या मैदानात, कुठल्या दारापर्यंत जाता येतं ते सगळं गळ्यातल्या कार्डावर असतं. एक साहेब फोटोत झुपकेदार मिशीवाले, समोर सफाचट! "मला ओळखत नाहीस?" म्हणून माझ्यावर चढले. आमच्या बाईंनी शांतपणे त्यांना बाकड्यावर बसवलं आणि नवा फोटो काढल्यावरच आत सोडलं. कमिटीचं काम बघ असलंच असतं: कार्डं, बसगाड्या, जेवणं, रुसवे.

पगारी माणसं मोजकी, तीही ठरावीक मुदतीच्या करारावर. बाकी सगळे स्वयंसेवक. गणवेश, ड्युटीच्या दिवशी जेवण आणि प्रवासाचा पास मिळतो. राहायचं आपलं आपण बघायचं. पॅरिसला २०२४ मध्ये ४५,००० स्वयंसेवक होते, तेही बिनपगारी.

कडोली_एक्सप्रेस
कुस्तीच धरून बसू नको म्हणावं त्याला. ग्लासगो २०२६ ला खेळच दहा ठेवले, त्यात कुस्तीही उडाली आणि हॉकीही. कुठले खेळ घ्यायचे ते कमिटी एकटी ठरवत नाही.

आणि तात्या, असोसिएशन १९२७ ची खरी, पण आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले त्याआधीच १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन धावला, एकोणिसावा आला. दोराबजी टाटांनी खटपट करून सहाजण पाठवले होते. आपल्याकडं हे किती जणांना ठाऊक आहे काय की!

खानापूरची_आक्का
पैसे दिले नाहीत तात्या. राहायला तिथे मामेबहीण आहे. भाऊ विचारालाय, कमिटीतनं पंच होता येतं काय?

निपाणीचा_तात्या
नाही. पंच नेमते ती कुस्तीची आंतरराष्ट्रीय संघटना. त्याला खालून, राज्यापासून परीक्षा देत वर जावं लागतं. ते आत्ताच सुरू कर म्हणावं, कॉमनवेल्थ असो-नसो. कुस्ती ठेवलीच तर मॅटशेजारी खेळ कळणारा पोरगा त्यांना लागतोच. हिंदी बरी आहे ना त्याची?

खानापूरची_आक्का
हिंदी झकास. इंग्रजीत मात्र मारामारी आहे.

निपाणीचा_तात्या
मग आधी इंग्रजीचा क्लास लाव. फॉर्मचे पैसे तिकडं घाल.