'बेल आउट' म्हणजे जामीन की होडीतलं पाणी?

आचऱ्याची पोर
बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. काल सराव पेपरात 2008 च्या मंदीवर उतारा होता. अमेरिकेच्या सरकारने बँकांना 'बेल आउट' केलं, असं त्यात होतं. मी 'जामिनावर सोडवलं' हा पर्याय निवडला आणि तो चुकला. पुढच्याच उताऱ्यात विमान पेटतं आणि वैमानिक 'बेल आउट' करतो. तिथे तर जामिनाचा संबंधच नाही. एकाच क्रियापदाला एवढे अर्थ कुठून आले? पाठ न करता लक्षात राहील असं कुणी सांगाल का?

कणकवलीचा अकाउंटंट
बातमीत 'बेलआउट पॅकेज' दिसलं की बुडणाऱ्या संस्थेला पैसे देऊन वाचवणं, एवढं धरून चाल. अमेरिकेने ऑक्टोबर 2008 मध्ये कायदा करून 700 अब्ज डॉलरची तरतूद केली होती, ती यासाठीच.

निवृत्त मास्तर, देवगड
बाळा, आचऱ्याची आहेस म्हणजे होडीतलं पाणी उपसताना पाहिलं असशीलच. माझे वडील तांडेल. सातवीत असताना सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि माझ्याकडे एकच काम, पाणी उपसणं. तेलाचा पत्र्याचा डबा तिरका कापलेला. तळाला साचलेल्या पाण्यात माशांचे खवले नि जाळ्याचे तुकडे तरंगायचे, डबा फळीवर खरखर घासायचा. लाट वाढली की बाबा मागे न बघता ओरडायचे, "उपस रे, उपस!" ते उपसणं म्हणजेच 'बेल आउट'. जुन्या फ्रेंचमधल्या बादलीच्या शब्दावरून हे 'बेल' आलं.

कोर्टातलं 'बेल' वेगळं. ते 'ताब्यात देणे, सोपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलं. पण दोघांचं मूळ घराणं एकच. लॅटिनमध्ये 'बायुलुस' म्हणजे ओझं वाहणारा, हमाल. बादली पाणी वाहते, जामीनदार दुसऱ्याची जबाबदारी वाहतो. घरी नोटीस घेऊन येणारा बेलीफसुद्धा त्याच घराण्यातला.

आता आपल्याकडे बघ. 'तारणे' म्हणजे पार नेणे, वाचवणे. त्याच धातूचं तारू, म्हणजे गलबत. आणि 'तारण' म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमी. पाण्यातून वाचवणं आणि पैशाची हमी, दोन्ही मराठीने एकाच शब्दात ठेवलंय. तुला परक्या शब्दाची भीती वाटायचं कारणच नाही. बँकेला 'बेल आउट' केलं म्हणजे तारलं.

वैमानिकाचं उलट. तिथे माणूस स्वतःच बाहेर पडतो, पॅराशूट घेऊन उडी मारतो. 'बेल्ड'ला कर्म नसलं आणि 'आउट'नंतर 'ऑफ' आलं, 'बेल्ड आउट ऑफ द प्लेन', की बाहेर पडण्याचा अर्थ समजायचा. ब्रिटिश पुस्तकांत स्पेलिंग बी-ए-एल-ई असंही सापडेल, ती चूक नव्हे. आणि सर्वनाम मधेच बसतं: 'बेल हिम आउट'. 'बेल आउट हिम' लिहिलंस तर मार्क जातील.

वेंगुर्लेकर, सध्या ठाण्यात
एक भर घालतो. आमच्या ऑफिसात 'शी बेल्ड ऑन मी' म्हणतात. त्यात मदत अजिबात नाही. ऐनवेळी टांग दिली, असा अर्थ. 'आउट' जाऊन 'ऑन' आलं की अर्थ फिरतो, सांभाळ.

आचऱ्याची पोर
सर, बाबांना वाचून दाखवलं. आमची होडी फायबरची, त्यात आता प्लॅस्टिकचा कॅन कापून ठेवलेला असतो. गेल्या वर्षी इंजिनासाठी आईच्या बांगड्या तारण ठेवल्या होत्या. 'तारण' हा शब्द घरात रोज कानावर पडायचा, पण तारवाशी त्याचं नातं कधी सुचलं नव्हतं. शेवटचे दोन हप्ते मामाने भरले आणि बांगड्या सुटल्या. म्हणून वाक्य केलं: 'माय अंकल बेल्ड अस आउट.' बरोबर आहे ना? आणि होडीच्या वाक्यात 'द वॉटर' लिहू की 'द बोट'?

निवृत्त मास्तर, देवगड
वाक्य अगदी बरोबर, 'अस' मधे घातलंस ते छान. आणि 'वॉटर', 'बोट' दोन्ही चालतात. आपण पाणी उपसतो आणि मे महिन्यात विहीरही उपसतो, तसंच. आईला सांग, बांगड्या सुटल्या हे वाचून बरं वाटलं.